शीर्षकातला 'पण' कुठे गेला?

मागच्या पावसाळ्यात मिहानमधल्या आमच्या ऑफिसात एक दिवस सर्व्हर बसला तो बसलाच. काम नाही, आणि घरी जायची परवानगीही नाही. अशा वेळी इंजिनिअर माणूस जे करतो तेच मी केलं. एक बिनकामाचा प्रोग्रॅम लिहिला. शब्दांच्या दोन याद्या घेतल्या. पहिलीत रण, नर, शिव, धर्म, महा, वज्र, राज. दुसरीत केसरी, धुरंधर, रक्षक, सिंह, तेज, योद्धा. बटण दाबलं की दोन्हींतून एकेक शब्द उचलायचा, जोडायचा आणि ऐतिहासिक कादंबरीचं नाव म्हणून दाखवायचा. रणधुरंधर. नरकेसरी. धर्मतेज. वज्रसिंह. यातली काही नावं खरोखर कुठल्या ना कुठल्या पुस्तकावर असतीलही, मी तपासलं नाही. वीसेक नावं घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि विचारलं, यातली कुठकुठली वाचली आहेत?

चुलतभावाने तीन निवडली. आत्याने लिहिलं, "वज्रसिंह वाचलं आहे. छान आहे. शेवटी रडू येतं."

ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. फक्त मामांचं काहीच उत्तर नव्हतं. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा होत्या, बस्. संध्याकाळी मेट्रोत बसलो तेव्हा लक्षात आलं की या थट्टेत मी नेमक्या त्यांच्या दुखऱ्या जागेवर पाय दिला होता.

मामा महालात राहतात. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी नऊ वर्षं एकच काम केलं, आप्पासाहेब भोसल्यांवर कादंबरी लिहिली. नागपूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १८१६ साली आप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १८१७ च्या सुरुवातीला गादीवर असलेला चुलतभाऊ परसोजी मेलेला सापडला. त्या खुनाचा ठपका आप्पासाहेबांवर आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ज्यांच्याशी तह केला त्याच इंग्रजांशी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि नागपूरकर हरले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्यांना कैद करून प्रयागकडे रवाना केलं. वाटेत जबलपूरजवळ एका रात्री हा राजा शिपायाचा वेश करून पहाऱ्यातून निसटला, कारण पहाऱ्यावरचे शिपाईच त्याला फितले होते. मग महादेवाच्या डोंगरात गोंडांचा आसरा, मग असीरगड, मग पंजाब, आणि १८४० साली पार जोधपुरात मरण. आज ज्या टेकडीखाली सीताबर्डीचं मेट्रो स्टेशन आहे आणि हजारो लोक गाडी बदलतात, तिच्यावर हा सगळा डाव उलटला. टेकडीवरचा किल्ला लष्कराकडे आहे, वर्षातले मोजके दिवस सोडले तर आत जाता येत नाही. तिथेही पहाराच.

मामांनी कादंबरीला नाव दिलं होतं 'पहारा'.

हस्तलिखित वाचेपर्यंत मला ते नाव साधंच वाटलं होतं. वाचल्यावर ते हळूहळू चढलं. राजावर शिपायांचा पहारा, शिपायांवर कंपनीचा पहारा. तैनाती फौज म्हणजे तरी काय, आपल्याच खर्चाने आपल्याच दारात बसवलेला पहारा. आणि सुटका कोणी केली? पहारेकऱ्यांनीच. मामा लेखक म्हणून कसे आहेत हा वेगळा प्रश्न. जंगलाची वर्णनं ते फार लांबवतात, आणि त्यांचे गोंड महाराष्ट्र टाइम्सच्या अग्रलेखासारखं बोलतात. पण नाव त्यांना सापडलं होतं.

एका प्रकाशकाने (कोण ते इथे महत्त्वाचं नाही) पुस्तक घ्यायची तयारी दाखवली. फोन स्पीकरवर होता, मी बाजूलाच बसलो होतो. "पहारा म्हणजे काय हो? वॉचमनवर आहे का?" असं विचारून समोरचे गृहस्थ स्वतःच हसले. मग म्हणाले, विषय चांगला आहे, विदर्भाचा आहे, पण नावात दम पाहिजे. 'नरसिंह आप्पासाहेब'. खाली छोट्या अक्षरात 'एका धगधगत्या पर्वाची शौर्यगाथा'. मुखपृष्ठावर घोडा, तलवार, मागे भगवा सूर्य. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि हो म्हणाले. नऊ वर्षं लिहिलेलं पुस्तक छापून येणार असेल तर माणूस हो म्हणतो. मीही म्हणालो असतो.

दीड महिन्याने संपादकांचं पत्र आलं. दोन प्रकरणं गाळावीत किंवा सौम्य करावीत. एक परसोजीच्या मृत्यूचं, दुसरं तहाच्या रात्रीचं. कारण दिलं होतं : "नायकाच्या प्रतिमेशी व शीर्षकाशी विसंगत."

हा लेख मी त्या एका ओळीमुळे लिहितो आहे. आधी पुस्तकाचं नाव बदललं, आणि मग नावाला शोभत नाही म्हणून पुस्तक बदला! नरसिंह म्हटलं की त्याने भावाचा खून केलेला चालत नाही, त्याने इंग्रजांच्या कागदावर सही केलेली चालत नाही, त्याने पळून गेलेलंही फारसं चालत नाही. उरतं काय? घोडा, तलवार आणि सूर्य.

माझ्या धंद्यात नावाला फार किंमत आहे. कोड एकदा लिहिला जातो आणि शंभरदा वाचला जातो, आणि वाचणारा आधी नाव वाचतो. 'शिल्लक दाखव' असं नाव असलेलं फंक्शन आतून गुपचूप खात्यातले पैसे कापत असेल, तर ते लिहिणाऱ्याला आम्ही मीटिंगमध्ये सोलून काढतो. नाव आणि आतला माल जुळला पाहिजे, हा आमचा पहिला नियम. प्रकाशकानेही हाच नियम लावला म्हणा ना, फक्त उलट्या बाजूने. माल बदलला. आणि दुसरं म्हणजे कादंबरी हे फंक्शन नाही. फंक्शनच्या नावाने सगळं सांगून टाकावं, कादंबरीच्या नावाने काहीतरी राखून ठेवावं. तुम्ही पुस्तक हातात घेता ते त्या राखून ठेवलेल्या गोष्टीसाठी.

मराठीला हे पूर्वी चांगलं कळत होतं. अगदी सुरुवातीपासून. आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची १८७१ ची 'मोचनगड'. किल्ल्याचं नाव, आणि त्या नावात मोचन, म्हणजे सुटका. नंतर आले हरि नारायण आपटे. त्यांचा काळ इंग्रजांचा, त्यामुळे स्वराज्याबद्दल बोलायचं तर आडून बोलावं लागे. त्यांनी नावं घेतली आभाळातून. 'उषःकाल', 'सूर्योदय'. गंमत अशी की ते सूर्योदयावर थांबले नाहीत. पुढच्या कादंबरीला त्यांनी 'सूर्यग्रहण' म्हटलं. शिवकाळावरच्या कादंबरीच्या नावात ग्रहण आणायची हिंमत आज कोण करेल, मला सांगा. गौरव कमी होतो म्हणून दुसऱ्या दिवशी कोणीतरी निवेदन घेऊन येईल.

पण आपट्यांचं खरं नाव 'गड आला पण सिंह गेला'. तानाजी कोंढाण्यावर पडल्यावर महाराज जे बोलले असं परंपरा सांगते, ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं शीर्षक म्हणून उचललं. अख्खं वाक्य, दोन क्रियापदं आणि मधे एक 'पण'. माझ्या मते मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या नावांमधला सगळ्यात मोलाचा शब्द हा 'पण' आहे. त्यात विजय आहे आणि त्याची किंमतही आहे. कुठला गड, कसा आला, कुठला सिंह, का गेला? चार प्रश्न पुस्तक उघडायच्या आधीच पडतात. सिंह आहेच की त्यात, मला सिंहाशी वैर नाही. पण तो गेलेला आहे. आज याच विषयावर पुस्तक आलं तर त्याचं नाव 'नरवीर' पासून सुरू होईल आणि 'पण' संपादकाच्या टेबलावर गळून पडेल.

ना. सं. इनामदारांची नावं बघा. 'झेप', 'झुंज', 'राऊ', 'शिकस्त', 'मंत्रावेगळा', 'शहेनशहा'. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यातली दोन मला एका दुपारी मिळाली आणि मी उभ्याउभ्या पन्नास पानं वाचली होती. 'झेप' आहे त्रिंबकजी डेंगळ्यांवर, ठाण्याच्या तुरुंगातून पळालेला दुसऱ्या बाजीरावाचा माणूस. इतिहासात त्याची प्रतिमा काही सोज्वळ नाही. लेखकाने त्याला ना वीर म्हटलं ना खल. त्याची एक हालचाल पकडली. दोन अक्षरं. उडी मारताना माणूस हवेत असतो, तो पलीकडे पडेल की खड्ड्यात, हे झेप शब्द सांगत नाही.

'राऊ' आणखी वेगळं. हे बाजीरावाचं घरातलं, मायेचं नाव. शनिवारवाड्याच्या दरवाजातून आत न जाता तुम्ही थेट माजघरात जाता. या कादंबरीवरून २०१५ साली हिंदी सिनेमा आला तेव्हा त्याला 'बाजीराव मस्तानी' म्हटलं. पोस्टरसाठी ते बरोबरच आहे, तिकीट विकायचं असतं. पण दोन्ही नावं शेजारी ठेवली की कळतं, एक घरात बोलावतं आणि दुसरं थिएटरात.

आणि 'शिकस्त'. हे नाव नागपूरकराने वाचावं. कादंबरी पानिपतात हरवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नीची, पार्वतीबाईंची. मराठीत शिकस्त म्हणजे पराकाष्ठा, प्रयत्नांची शिकस्त केली असं आपण म्हणतो. पण शब्द मुळात फारसी, आणि तिथे त्याचा अर्थ पराभव. हिंदी-उर्दूत आजही तोच. आम्ही नागपूरचे लोक एका वाक्यात दोन भाषा बोलून राहिलो असतो, त्यामुळे आमच्या कानाला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. नवरा मेला हे मान्यच न करणाऱ्या बाईची पराकाष्ठा, आणि पानिपतचा पराभव, दोन्ही त्या तीन अक्षरांत. हे मला कळलं तेव्हा मी इतवारीत रिक्षात होतो आणि रिक्षावाल्याला सांगायचा मोह झाला होता.

'पानिपत'वर फार बोलायला नको. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ ची. गावाचं नाव, पण मराठीत ते वाक्प्रचार होऊन बसलेलं. परीक्षेत पानिपत होतं, निवडणुकीत होतं. जो शब्द सव्वादोनशे वर्षं लोकांच्या तोंडात होता तो फक्त मुखपृष्ठावर ठेवला. (विश्वास पानिपतात गेला हा घराघरातला विनोद, आणि तो परत आणणाऱ्या लेखकाचं नाव विश्वास. याला मी काय करू.)

आता कोणी म्हणेल, की मोठमोठी गाजलेली नावं तर उपाध्याच आहेत. 'स्वामी' काय, 'श्रीमान योगी' काय, 'छावा' काय. बरोबर. हा आक्षेप मला मामांनीच घेतला होता, म्हणून त्यावर मी जास्त विचार केला आहे.

'श्रीमान योगी' या नावामागे रामदासांनी शिवाजी महाराजांसाठी वापरलेला 'श्रीमंत योगी' हा शब्द आहे. त्यात भांडण आहे. जो श्रीमंत तो योगी कसा, जो योगी त्याला राज्य कशाला? ती कुस्ती शीर्षकात सुरू होते. 'स्वामी'त तर आणखी गुंता. रणजित देसायांची ही १९६२ ची कादंबरी माधवराव पेशव्यांवर. पेशवा हा कागदोपत्री छत्रपतींचा सेवक. त्याला स्वामी म्हणायचं? मग तो कोणाचा स्वामी? दौलतीचा? रमाबाईंचा, ज्या थेऊरला त्याच्यामागे सती गेल्या? की स्वतःच्या शरीराचाही नाही, कारण क्षयाने तो १७७२ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला? मी सध्या त्याच वयाच्या आसपास आहे आणि माझ्या हातात एक ईएमआय सोडून कसलंच स्वामित्व नाही, म्हणून हा शब्द मला जास्त टोचतो.

पण 'स्वामी' नागपुरात बसून वाचताना एक चमत्कारिक गोष्ट होते. माधवरावांनी ज्यांच्यावर स्वाऱ्या केल्या त्यांत आमचे जानोजी भोसले होते. १७६९ साली कनकापूरचा तह झाला आणि जानोजींना पेशव्यांपुढे नमावं लागलं. म्हणजे पुण्याचा स्वामी तो महालातल्या वाड्यासाठी चाल करून आलेला माणूस. आठवीत असताना मी आजीला विचारलं होतं की आपण कोणाच्या बाजूने वाचायचं? ती म्हणाली, "जो जिंकते त्याच्या." शीर्षकाने बाजू आधीच ठरवून टाकलेली असते, एवढं मला तेव्हा कळलं नव्हतं.

आणि हे फक्त पुणे विरुद्ध नागपूर नाही. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर जात होत्या. १७५१ मध्ये ओडिशा आणि बंगालची वर्षाला बारा लाखांची चौथ नागपूरकरांच्या पदरात पडली. आम्ही याला पराक्रम म्हणतो. बंगालीत त्या घोडेस्वारांना 'बर्गी' म्हणतात, आपल्याच बारगीर या शब्दावरून, आणि ते शब्द अंगाईगीतात येतात, मुलांना भीती घालायला. एकच घटना. आमच्याकडचं पुस्तक निघालं तर 'बंगालविजेता', तिकडचं निघालं तर 'बर्गी'. मला विचाराल तर मी 'बर्गी' विकत घेईन, आणि नागपूरच्या माणसाने लिहिलेलं असेल तर दोन प्रती.

'छावा'कडे येतो. मला हे नाव वाईट वाटत नाही. १९७९ साली शिवाजी सावंतांनी ते दिलं तेव्हा त्याला एक कामगिरी होती. संभाजीराजांना नाटकां-कादंबऱ्यांनी बराच काळ व्यसनी, बेलगाम मुलगा म्हणून रंगवलं होतं. वा. सी. बेंद्र्यांनी १९६० मध्ये चरित्र लिहून ते चित्र पालटायला घेतलं. १९७१ मध्ये कमल गोखल्यांचं चरित्र आलं, त्याचं नाव 'शिवपुत्र संभाजी'. मग 'छावा'. आणि २००५ मध्ये विश्वास पाटलांची कादंबरी, नुसतं 'संभाजी'. हा क्रम मला फार बोलका वाटतो. आधी मुलगा, मग सिंहाचं पिल्लू, मग शेवटी स्वतःच्या नावाचा माणूस. बापाच्या सावलीतून बाहेर यायला त्याला शीर्षकांमध्ये एवढा वेळ लागला. 'छावा' शब्दात ही सावली आहे, तिथे लेखक जागा होता. ज्यांनी नंतर त्याच चालीवर डझनावारी प्राणी आणले, ते नव्हते.

'छावा'वरचा सिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. ज्यांनी सावंतांचं एक पान वाचलेलं नाही त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर ते नाव आलं, स्टेटसला आलं, रीलखाली हॅशटॅग होऊन आलं. माझ्याही. इथे मला आपल्या पिढीबद्दल बोलायचं आहे. आपण पुस्तकं फोनवर नखाएवढ्या चित्रात बघतो. त्यात लेखकाचं नावही वाचता येत नाही. वाचता येतं ते शीर्षक. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला इतिहास तेवढाच येतो, दोन किंवा तीन शब्दांचा. म्हणून त्या शब्दांत 'पण' असणं नसणं याला मी एवढा चिकटून आहे. सातशे पानं वाचणाऱ्याला आत कुठेतरी 'पण' भेटतोच. नखाएवढं चित्र बघणाऱ्याला कुठे भेटणार?

१७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महालात दगडफेक आणि जाळपोळ झाली. औरंगजेबाच्या कबरीवरून सुरू झालेल्या आंदोलनानंतर. शहराच्या बऱ्याच भागात संचारबंदी लागली. ते का झालं, कोणामुळे झालं, यावर इथे बोलण्याएवढं मला कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं वाटतं ते टीव्हीवर बोललेच. मी त्या आठवड्यात मामांकडे अडकलो होतो. लॅपटॉपवर काम, खाली रस्त्यावर पोलिसांच्या शिट्ट्या. वाचायला काही नव्हतं म्हणून मामांचं कपाट उघडलं आणि हाताला लागली इनामदारांची 'शहेनशहा'.

औरंगजेबावरची मराठी कादंबरी. मराठी माणसाने लिहिलेली, मराठी प्रकाशकाने छापलेली, मराठी घरांनी पन्नासएक वर्षं वाचलेली. नाव 'शहेनशहा'. ना 'क्रूरकर्मा', ना 'सैतान'. ज्या पदवीने तो स्वतःला ओळखत होता तीच, कुठल्याही विशेषणाशिवाय. आणि ते नाव वाचून कोणाला त्याच्याबद्दल आदर वाटत नाही, हे लक्षात घ्या. राजांचा राजा म्हणवणारा माणूस दख्खनेत वीस-पंचवीस वर्षं तंबूत काढतो आणि इथल्याच मातीत संपतो. त्या माणसाला नुसतं शहेनशहा म्हणून सोडून देण्याइतकी टोचणी कुठल्या शिवीत आहे? मी मामांना विचारलं, आज हे नाव देता येईल का हो? मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आज हे पुस्तक तरी टेबलावर ठेवता येते का, ते पाह्य."

त्यांनी मग आणखी एक गोष्ट सांगितली जी नागपुरात सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. हे शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह. १७०२ च्या सुमारास त्याने बारा वाड्या जोडून नागपूर केलं. बख्त बुलंद हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. इस्लाम स्वीकारल्यावर औरंगजेबाच्या दरबारी त्याला ते मिळालं. उंच नशिबाचा, असा अर्थ. आणि पुढे हाच राजा मोगलांच्या विरुद्ध उठला. बघा, किती 'पण' आहेत या एका नावात! कोणी हात लावत नाही, कारण त्याला ना केसरी जोडता येत, ना धर्मरक्षक. (आमच्याकडच्या बाकाबाईचीही तीच गत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत लोक तिच्याशी जोडतात. एका बाईला शहराने एकच शीर्षक दिलं, काळी, आणि दरवर्षी ते जाळतो.)

प्रकाशकांची बाजू मी ऐकून घेतली आहे. ते म्हणतात, लोकांना हेच हवं. माझी आई त्या लोकांमधली आहे. तिच्यासाठी महाराजांवरचं पुस्तक घेणं हे अर्धं वाचन आणि अर्धी पूजा असते, ती पुस्तकाला आधी नमस्कार करते. तिच्या नमस्काराची टिंगल मी करणार नाही. पण तिने आयुष्यात तीनदा वाचलेली कादंबरी 'स्वामी' आहे. 'रण'ने सुरू होणारी जी दोन पुस्तकं लग्नांत भेट म्हणून आली, ती शोकेसमध्ये प्लास्टिकसकट उभी आहेत. नमस्कार करण्यासाठी घेतलेलं पुस्तक आणि वाचण्यासाठी घेतलेलं पुस्तक यातला फरक तिला प्रकाशकापेक्षा बरा कळतो. शिवाय सगळ्यांनीच एक यादी वापरली तर विकणार तरी कसं? माझ्या आत्याला चाळीस ओळींच्या प्रोग्रॅमने बनवलेलं पुस्तक वाचल्याचं आठवतंय, याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

त्या ग्रुपवरच्या मेसेजनंतर चार दिवसांनी मी मामांकडे गेलो. माफी मागायची होती, ती त्यांनी मागू दिली नाही. म्हणाले, "तुझ्या मशीनमधून नरसिंह निघाला का नाही?" निघाला होता. अकराव्या नंबरवर. ते पुष्कळ वेळ हसले आणि मग हस्तलिखित माझ्या पुढ्यात ठेवलं. प्रकाशकाला त्यांनी पत्र पाठवलं होतं, टपालाने, रजिस्टर करून. पुस्तक परत मागवलं होतं.

आता ते आम्ही दोघंच काढतो आहोत. मी टाइप करतो, ते तपासतात. जंगलाची वर्णनं थोडी कमी करायला ते राजी झाले आहेत, गोंडांच्या भाषणांना मात्र हात लावू देत नाहीत. परसोजीचं प्रकरण जसंच्या तसं आहे. मागच्या रविवारी ई-बुकचा फॉर्म भरायला बसलो. शीर्षकाच्या रकान्यात त्यांनी स्वतः एका बोटाने, काना आणि मात्रा शोधत, 'पहारा' टाइप केलं. खाली दुसरा रकाना होता, उपशीर्षक.

"हे रिकामं ठेवता येते का?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मग ठेव."